न चाखता हरायचं नाही

गोटूच्या हनुवटीवरून केळ्याचा लगदा ओघळत होता आणि त्या लगद्यात हिरवे तुकडे होते. डोळ्यांवर माझ्या दुकानातलं निळं फडकं बांधलेलं. समोर मांडी घालून बसलेली मुंगी चमचा नाचवत म्हणत होती, "ओळख! ओळख ना रे!"

गोटू काय ओळखणार, कपाळ! त्याला येतात ते दोनच शब्द, 'दे' आणि 'नको'. मी दारातच उभी राहून हसले. किती शहाणं माझं लेकरू, भावाला पालक भरवतंय, असं मनात आलं. मग आठवलं, खिडकीतल्या पेटीतला पालक मी सकाळीच कापून संपवला होता.

पुढे होऊन मी त्याच्या ओठावरचा एक तुकडा उचलला. जाड, चामड्यासारखा. पालक कधी असा नसतो. पुदिनाही नसतो. फडकं सोडलं तर गोटू डोळे मिचकावत माझ्याकडे बघून म्हणाला, "नको."

"मुंगे, हे काय भरवलंस त्याला?"

"सांगणार नाही. तू पण ओळख."

हा खेळ मीच काढलेला. मुंगीला आता पाचवं लागलंय. मागच्या वर्षापर्यंत ती फक्त पांढरं खायची. भात, दूध, पाव, उकडलेला बटाटा. भातात एक वाटाणा दिसला तरी ताट असं सरकवायची की जणू झुरळ दिसलं. डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. मग आम्ही सगळे कामाला लागलो. सासूबाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, नवऱ्याने चमच्याचं विमान करून पाहिलं, मी डोळे वटारून पाहिले. पोरीचं तोंड म्हणजे बंद पडलेली लिफ्ट, असं नवरा म्हणायचा. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, त्याला सगळीकडे लिफ्टच दिसते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. एकदा संध्याकाळी पर्समधलं काचा पुसायचं फडकं हाताला लागलं आणि डोक्यात आलं, ही पोर जिभेने खातच नाही, डोळ्यांनी खाते. बांधलं फडकं. भरवला भोपळा. "ओळख!" म्हटलं, आणि तिने ओळखायच्या नादात गिळला!

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवायचे आणि घरी पोरीच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं," नवरा म्हणाला, "बरा धंदा आहे."

पण खेळ जमला. हळूहळू त्याचे नियम झाले. तोंडात घेतलेलं थुंकायचं नाही. भरवणाऱ्याने नाव सांगायचं नाही. तीनदा चुकलं की हरलं, मग भरवणारा हरलेल्याला त्या वस्तूपाशी नेऊन दाखवणार. मुंगी कसली पक्की! गाजराचा वास आला की तोंड न उघडताच "हरले, हरले!" म्हणून पळायला लागली. तेव्हा मी शेवटचा नियम केला. न चाखता हरायचं नाही.

त्यानंतर घरात आनंदीआनंद होता. गाजर गेलं, वाटाणे गेले, बीट गेलं. डोळे बांधलेले असताना "भोपळा, पण कालचा!" असं ती सांगायची आणि सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. मग मी खिडकीत पेटी ठेवून पालक लावला, पुदिना लावला. पान तिने स्वतः तोडायचं, धुवायचं, फाडून केळ्यात कालवायचं आणि गोटूला द्यायचं. स्वतःच्या हाताने तोडलेलं मुलं खातात, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला चष्म्याबरोबर फुकट सांगत होते.

आणि आता माझं ते शहाणं लेकरू माझ्यासमोर वाटी पोटाशी धरून बसलं होतं.

"मुंगे, खेळ संपला. सांग कुठून आणलंस पान?"

"संपला नाही. गोटूने अजून ओळखलं नाही."

"मुंगे!"

मी ओरडले. ओरडायला नको होतं, कारण मुंगीवर ओरडलं की ती ओठ आत घेते आणि तोंडाला कुलूप लागतं. तिने ओठ आत घेतले.

सासूबाई आरामखुर्चीत पेंगत होत्या, त्या दचकून उठल्या. मी इतका वेळ आतल्या खोलीत दार लावून गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होते. ते स्क्रू इतके बारीक असतात की गोटूच्या भीतीने मी दार लावूनच बसते. तेवढ्यात मुंगी बाहेर जाऊन आली होती. पुढच्या दाराच्या कडीपर्यंत तिचा हात पोहोचतो, हे आम्हाला त्या दुपारी कळलं.

"काय झालं गं? पडला का?"

"आई, हिने त्याला कसलं तरी पान खाऊ घातलंय. बाहेरचं."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मीठ-पाणी पाज. ओकू दे आधी. थांब, मी आणते," म्हणत त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्वयंपाकघराकडे धावल्या. मी एका हाताने गोटूला कडेवर घेतलं, तोंडात बोट घालून उरलेले तुकडे काढले आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"ओकारी काढू नका," त्या म्हणाल्या. "मीठ-पाणी तर अजिबात नको. तोंड ओल्या कपड्याने पुसा आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या, मी तिथे कळवते. कसलं पान आहे?"

"माहीत नाही."

"ते कळायला हवं हो. काही पानांनी नुसती तोंडाची आग होते. काहींनी हृदयावर परिणाम होतो. त्याची फांदी सोबत न्या. लवकर."

सासूबाई मीठ-पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. "नको म्हणाल्या, आई." त्यांनी पेला खाली ठेवला नाही, धरूनच राहिल्या.

मी दार उघडलं आणि जिन्यात पाहिलं. गच्चीला डांबर लावायचं काम चाललं होतं. तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी गच्चीवरच्या आपल्या सगळ्या कुंड्या जिन्यात आणून ठेवल्या होत्या, प्रत्येक वळणावर पाच-सहा. ओढताना, उचलताना सगळ्याच झाडांची पानं तुटलेली, फांद्या मोडलेल्या. कुठलं पान मुंगीने तोडलं आणि कुठलं हमालाच्या खांद्याला लागून तुटलं, देव जाणे. रंगाच्या जुन्या डब्यात, भिंतीला टेकून, कण्हेर उभी होती. गुलाबी फुलांची. लहानपणी माझी आई तिच्या सावलीलाही उभं राहू देत नसे.

कण्हेर नसू दे, एवढंच मनात होतं. दुसरं काहीही असू दे.

मी परत आत आले आणि मुंगीसमोर गुडघ्यांवर बसले. गोटू कडेवर. तो माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता, नेहमीसारखा, आणि त्या नेहमीसारख्याचीच मला भीती वाटत होती.

"माझी राणी," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच, कुणीतरी खालून ढकलत होतं तो. "मी रागावले नाही. मला फक्त दाखव कुठलं झाड."

ओठ आतच.

"बरं, मी हरले. हरले मी. दाखव आता."

तिने नकारार्थी मान हलवली आणि ओठ सोडले. "न चाखता हरायचं नाही."

"अगं सटवे, भाऊ मरेल तुझा!" सासूबाई मागून ओरडल्या. मुंगीचे डोळे भरले. ओठ पुन्हा आत जायला लागले. मी हात मागे करून सासूबाईंना थांबवलं.

"खरंच की," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम. भरव मला."

मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

डोळे मिटून आ करणं किती भीतीचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. इतके महिने मी हेच माझ्या पोरीला करायला लावत होते. चमचा दाताला लागला. केळ्याचा गोडवा आला आणि त्याच्या मागून कडू. असं कडू की जीभ मागे पळाली. माझ्या लेकराने हे गिळलं होतं.

"पालक," मी म्हटलं.

"चूक!"

"पुदिना."

"चूऽऽक!" तिचा आवाज खुलला होता. माझ्या कडेवर गोटूला उचकी लागली.

"मेथी."

"हरलीस! आई हरली!" ती उड्या मारत दाराकडे पळाली. मी डोळे उघडले, तोंडातलं रुमालात थुंकलं आणि तिच्या मागे गेले. ती पहिल्या वळणावर थांबली. तुळशीवरून तिचा हात गेला. एका रुंद पानांच्या झाडावरून गेला. गुलाबावर क्षणभर थांबला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, तेच असू दे, काटे टोचू दे, तेच असू दे. मग तिने रंगाच्या डब्यातल्या झाडाला मिठी मारली.

"हे! लांब लांब पानं. मी एकच तोडलं, आई. धुतलं पण."

खाली काकांचं दार मी कसं वाजवलं ते आठवत नाही. ते बनियनवर बाहेर आले. माझ्या हातातली फांदी, कडेवरचा गोटू, हे पाहून त्यांनी काही विचारलंच नाही. "गाडी काढतो," एवढंच म्हणाले, आणि गाडीत बसल्यावर, "काढून टाकणार होतो मी ती, दरवर्षी म्हणतो, फुलं छान येतात म्हणून राहते," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सासूबाई घरी राहिल्या, नवऱ्याला फोन लावत. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की फोन लागत नाही.

"काका, सावकाश," मी म्हटलं.

"सावकाश कसा?"

"मग लवकर, पण नीट."

मुंगी माझ्या शेजारी बसली होती. गाडीत बसल्याचा आनंद तिच्या तोंडावरून हळूहळू उतरत गेला. "किती खाल्लं त्याने?" मी विचारलं. "सगळं नाही," ती म्हणाली. "थुंकत होता. मग मी तोंडावर हात धरला. थुंकायचं नाही ना?"

तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात तिथेच ठेवला.

गोटूने जांभई दिली. ही त्याची झोपायची वेळ. रोज याच वेळी तो असाच जड होतो, मान माझ्या खांद्यावर टाकतो, कानाची पाळी चोळतो. पण आज ही जांभई झोपेची की त्या पानाची? मी त्याला हलवलं. "गोट्या, ए गोट्या, तो बघ मोठ्ठा ट्रक!" त्याने डोळे उघडले आणि मिटले. मी त्याच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. त्याच्या गालावर टिचक्या मारल्या. झोपू नकोस रे, एवढा एक दिवस झोपू नकोस. रोज मीच याच्यापुढे हात जोडते, झोप रे बाबा म्हणून.

मग तो ओकला. माझ्या ओढणीवर, सीटवर. केळं आणि हिरवे तुकडे. काकांनी आरशातून पाहिलं आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला.

हॉस्पिटलात आमची वाट बघत होते. तरुण डॉक्टर होती, केस वर गुंडाळलेले, बोलणं भराभर. फांदी पाहून तिने नुसती मान हलवली. गोटूच्या एवढ्याशा छातीवर तिने चकत्या चिकटवल्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारायला लागली. त्या रेघेकडे मला बघवेना आणि नजरही हटवता येईना.

"तुकडे अख्खेच दिसतायत, चावलेले नाहीत. दात कमी आहेत ते बरं झालं," तिने ओढणीवरचं पाहून म्हटलं. "ओकलाय तेही बरं. पण पोटात किती राहिलंय सांगता येत नाही. हा कोळसा पोटात जायला हवा. औषधी असतो. विष धरून ठेवतो." तिने काळ्या पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "चमच्याने जातंय का बघा. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही कुणी नाही ना खाल्लं?"

"मी चाखलं."

"तुम्ही? कशाला?"

"खेळात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "मग एक पेला तुम्हीही घ्या. आणि तुमचाही ईसीजी काढू आपण."

मी चमचा गोटूच्या ओठांशी नेला. त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूने नेला, त्याने हाताने उडवला. काळे शिंतोडे चादरीवर. "नको," तो म्हणाला. "नको, नको, नको." नर्सने नळीचं पाकीट काढून ट्रेमध्ये ठेवलं. त्या पाकिटाचा कागद फाटायचा आवाज अजून झाला नव्हता, पण मला तो ऐकू येत होता.

तो माझ्या हातून असाही नीट खात नाही. खातो तो बहिणीच्या हातून.

"मुंगी कुठे आहे?"

मुंगी पलंगाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात पाठीमागे दडवलेले. मी खाली वाकले.

"बाहेर ये, राणी. गोटूला औषध भरवायचंय."

"मी नाही भरवणार."

"का गं?"

"आजी म्हणाली. मी भरवलं की तो मरतो."

मी फरशीवर आडवी झाले, अर्धी पलंगाखाली शिरले. तिथे धूळ होती, एक पडलेला कापसाचा बोळा होता, आणि माझी पोर होती. मरणार नाही असं सांगावं तर मलाच माहीत नव्हतं. आणि माझ्या शब्दावर तर तिने आजवर डोळे मिटले होते.

"आजी घाबरली होती," मी म्हटलं. "मीही घाबरलेय. आत्ताही. तूपण?"

तिने मान डोलावली.

"मग असंच घाबरत घाबरत करू या. आधी मी पिते. तू डोळे उघडे ठेवून बघ."

मी तिच्यासमोर तो पेला तोंडाला लावला. कोळशाला चव नसते, नुसती वाळू. दातांत कचकचली, घशाला चिकटली. दोनदा उलटी यायला लागली, दोनदा गिळली. मुंगी टक लावून माझ्या घशाकडे बघत होती.

"वाईट आहे?" तिने विचारलं.

"भयंकर."

"तुझे दात काळे झाले." आणि तिला एवढंसं हसू आलं, रडण्यातूनच, नाकातून. "भुतीण दिसतेस."

ती बाहेर आली. नर्सने तिला उचलून पलंगावर बसवलं. चमचा हातात घेतल्यावर तिने तो आधी स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला, हुंगला, मग डॉक्टरकडे वर मान करून विचारलं, "हे नक्की औषधच आहे?"

"नक्की," डॉक्टर म्हणाली. घाईत होती, तरी थांबून म्हणाली.

"गोट्या," मुंगी म्हणाली, "हे काळं आहे. भयंकर आहे. आईने प्यायलं. आ कर."

गोटूने तिच्याकडे पाहिलं. आ केलं. चमचा आत गेला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला, गाल फुगले, आणि मुंगी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "थुंकायचं असेल तर थुंक हं."

नको रे, या वेळी नको थुंकूस. तोंडापर्यंत आलेले शब्द मी दातांखाली धरले. पडद्यावरची रेघ उडत होती. नर्सचा हात नळीच्या पाकिटावर.

गोटूने गिळलं.

"दे," तो म्हणाला. चव आवडली म्हणून नव्हे, चमचा हवा होता म्हणून. मुंगीने त्याला चमचा धरू दिला, वरून स्वतःचा हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तो काळा पेला कधी तोंडात, कधी गळ्यावर, कधी चादरीवर संपवला. "पुरे," डॉक्टर म्हणाली. "पुष्कळ गेलं." नर्सने पाकीट ट्रेमधून उचलून कपाटात ठेवलं.

मग नुसतं बसायचं होतं. रेघेकडे बघत. रेघ मध्येच जरा लांबली की मी डॉक्टरकडे बघायची आणि ती डोळ्यांनीच 'काही नाही' म्हणायची. काका बाहेरच्या बाकावर बसून होते, जा म्हटलं तरी जात नव्हते. नवरा आला तेव्हा त्याच्या हातांना ग्रीस होतं. गोटूला हात लावावा की नाही हे न कळून तो हात तसेच पुढे धरून उभा राहिला. मुंगीनेच त्याला सगळं सांगितलं, पानापासून भुतिणीपर्यंत, काही न वगळता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रडले नव्हते तोवर, तेव्हा रडले.

"आज रात्री इथेच राहा," डॉक्टर म्हणाली. "आत्तापर्यंत ठोके चांगले आहेत. पोट शांत राहू दे. आपणहून काही देऊ नका, त्याला भूक लागली तर मला हाक मारा. भूक लागणं ही चांगली खूण."

भूक लागावी म्हणून मी कधी वाट बघितली नव्हती. आमच्या घरात चमचाच नेहमी भुकेच्या पुढे पळत असतो. मी पलंगाच्या कठड्यावर हनुवटी टेकून बसले. बाहेर उजेड उतरत होता. गोटू झोपला, मी त्याच्या नाकाशी बोट धरलं, तो उठला, पुन्हा झोपला. मला वाटायला लागलं, आता हा कधी मागणारच नाही.

मग त्याने कूस बदलली. छातीवरची एक वायर ओढली. डोळे उघडून आधी छताकडे, मग आमच्या तिघांकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. थरथरला. आणि तो रडला. दुखल्याचं नव्हतं ते, घाबरल्याचंही नव्हतं. रागाचं होतं, ताट उशिरा आल्याचं.

"दे!" त्याने हात पुढे केला. "दे! दे!"

नवरा दाराकडे धावला होता. मी कठडा धरून त्याच्याकडे बघतच बसले.

"भूक लागली त्याला," मुंगीने मला समजावून सांगितलं, मला कळत नाहीये असं वाटून. "आई, ऊठ ना. भूक लागलीय."